कानात सांगितलेलं

लालबाग, ६ जानेवारी २०२५

काका,

तुमचं पत्र पोस्टमनने खाली पानवाल्याकडे दिलं आणि पानवाल्याने ते दोन दिवस लपवून ठेवलं. त्याला वाटलं कोर्टाची नोटीस आहे, दादाचं काहीतरी लफडं असणार. मला कोपऱ्यात बोलावून त्याने ते अशा चेहऱ्याने हातात दिलं की मीच घाबरले. हल्ली शाईने लिहिलेलं पत्र आमच्या चाळीत तुमच्याशिवाय कोणाचंच येत नाही.

पण फोनपेक्षा हे बरं. फोनवर तुम्ही हॅलो म्हणता, मी ओरडते, तुम्ही परत हॅलो म्हणता, आणि आज आमच्याकडे कसली भाजी आहे ते तिसऱ्या मजल्यापर्यंत कळतं. गिरणीतल्या मागांनी तुमचे कान खाल्ले त्याला मी काय करू.

कसं चाललंय विचारलंत. चाललंय. सकाळी सातला गिरगावात लेक्चर, तिथून सुटले की बस पकडून परळ, साडेदहाला खुर्चीत. संध्याकाळपर्यंत लोकांचे मेडिक्लेमचे क्लेम तपासायचे, घरी येऊन जेवायचं आणि पुस्तकावर डोकं ठेवून झोपायचं. एलएलबीचं तिसरं वर्ष, मे महिन्यात शेवटची परीक्षा. तीन वर्षं हे कसं रेटलं ते मलाच माहीत नाही. अक्षदा वहिनी म्हणते मी घरात भाडेकरूसारखी राहते, फरक इतकाच की भाडेकरू कधीतरी बोलतो.

नोकरी सोडून शिक, असं तुम्ही लिहिलंत. काका, दादाची कंपनी भिवंडीला गेली आणि दादा इथेच राहिला. घर माझ्या पगारावर आहे. आणि कॉलेज सोडून नोकरी कर म्हणालात तर मग बाबा गेल्यावर तुम्हीच मला वकील हो कशाला म्हणालात? दोन्ही पाहिजे, म्हणून दोन्ही करते.

आता मुद्द्याचं. ऑफिसच्या नेमणूकपत्रात लिहिलंय की परवानगीशिवाय नियमित कोर्स करायचा नाही. कॉलेज म्हणतं पूर्णवेळ नोकरी असेल तर ऑफिसचा ना-हरकत दाखला आणा. परवानगी मागितली तर मिळणार नाही, गेल्या वर्षी एकाने मागितली होती, त्याला सरळ घरी पाठवलं. म्हणून मी दोन्हीकडे खोटं बोलत नाही, दोन्हीकडे गप्प बसते. घरच्यांशिवाय हे तुम्हाला ठाऊक आहे आणि ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या पूर्वीला. बस.

तेव्हा गावात, मंडळात, कुठेही हा विषय काढायचा नाही. अजित सरांकडे तर अजिबात नाही. मला माहितीय ते आपल्या वाडीचे, तुमच्या शब्दावर त्यांनी मला चिकटवलं. पण ऑफिसात ते गाववाले नसतात, साहेब असतात. आणि लग्नाचा विषय परीक्षेआधी नाही, हे तुम्ही बाबांच्या फोटोसमोर म्हणाला होतात. विसरला असाल म्हणून आठवण.

काकूला नमस्कार. तिच्या गुडघ्याला तेल लावता का, का फक्त बोलता?

तुमची अनू


कातळखोल, ता. लांजा
१८ जानेवारी २०२५

अनू बाय,

तुझं पत्र वाचलं. शांताला मोठ्याने वाचून दाखवलं, तर ती म्हणाली एवढं ओरडू नका, गुप्त आहे ना. मग दार लावून उरलेलं वाचलं. गुडघ्याला तेल मी लावतो हो. तुझी काकू खोटं सांगते.

तुझी गोष्ट माझ्या पोटात राहील. तू काळजी करू नको. गिरणीत युनियनची कितीतरी बोलणी या पोटात राहिली, मालकाच्या माणसांनी चहा पाजून विचारलं तरी बाहेर आली नाहीत. तू तर माझ्या भावाची पोर.

मी नोकरी सोड म्हटलं ते जीव तुटतो म्हणून. मीसुद्धा पाळीवर काम करून परळच्या रात्रशाळेत जात होतो, तुला सांगितलंय. आठवीपर्यंत रेटलं. एके दिवशी मुकादम म्हणाला, रामजी, एक काहीतरी कर. मी शाळा सोडली. सोडू नको असं सांगणारं तेव्हा माझं कोणी नव्हतं. तुला सांगणारा मी आहे. तू सोडू नको. मे महिना काय, असा येईल.

लग्नाचं मी बोललो होतो ते बोललो होतो. शब्द म्हणजे शब्द.

पुढच्या महिन्यात आपल्या मंडळाची शिमग्याची सभा दादरला आहे. पालखी कोणाच्या दारी कधी, ढोल कोण, यावरून दरवर्षी भांडण होतं आणि मी नसलो तर जास्तच होतं. शनिवारी येतो, सोमवारी परततो. तुझ्यासाठी कुळथाचं पीठ आणि कोकमं घेतली आहेत. त्या पोस्टमनला सांग पत्र थेट वर दे म्हणून.

जप स्वतःला.

तुझा काका


लालबाग, ६ फेब्रुवारी २०२५

काका,

या, नक्की या. दादा स्टेशनवर येईल, मला शनिवारी ऑफिस आहे. अंथरूण माझ्या जागेवर घालू, मी वहिनीजवळ झोपेन.

रविवारी पूर्वी आमच्याकडे येणार आहे, तुमची ओळख करून देते. नायगावची आहे, बीडीडी चाळीतली. आता त्यांच्या बिल्डिंगचं काम चाललंय म्हणून तात्पुरत्या खोलीत राहतात. काका, या मुलीमुळे माझी नोकरी टिकलीय. बसला उशीर झाला की ती माझा फोन उचलते, माझ्या टेबलावर तिची पाण्याची बाटली आणि चष्म्याचं घर ठेवते म्हणजे खुर्ची भरलेली वाटते. परीक्षेच्या दिवसांत माझे निम्मे क्लेम तीच उरकते आणि वर म्हणते वकील झालीस की माझा घटस्फोट फुकट लढ. लग्न झालेलं नाही तिचं अजून.

खालच्या मजल्यावरच्या जाईबाईंनी परवा जिन्यात अडवलं. पहाटे उठून एवढी नटून कुठे जातेस गं, ऑफिस तर दहाचं ना तुझं? मी म्हटलं योगाला जाते. त्यांचा विश्वास बसला नाही, बसूही नये, माझं पोट बघून कोणीही ओळखेल. पण बोलू देत त्यांना. परीक्षा झाली की पेढे घेऊन मीच जाईन आणि सांगेन कुठे जात होते ते.

कुळथाचं पीठ जास्त आणा.

अनू


कातळखोल, २६ फेब्रुवारी २०२५

अनू बाय,

सुखरूप पोचलो. सभा चांगली झाली. पालखी यंदा आधी वरच्या वाडीत, मग आपल्याकडे. भांडण थोडंच झालं. हॉल मोठा होता, पंखे नवीन होते, चहा मात्र पाणचट.

तुझी तब्येत बघून मला बरं वाटलं नाही. डोळे आत गेलेत. शांताला सांगितलं तर ती रडायलाच लागली. एवढ्या घाईघाईने आयुष्य जगायचं नसतं गो. तुझी ती मैत्रीण आली होती ती बरी बोलते, पण जास्त हसते.

अजित भेटला होता सभेला. तुझी चौकशी केली. कामात हुशार आहे म्हणाला. मोठा माणूस झालाय पण पाया पडायला विसरत नाही, त्याच्या आईचे संस्कार. त्याच्या घरची सगळी मंडळीही आली होती.

इकडे काजू मोहरलाय. शिमग्याला तुला यायला जमणार नाही हे मला माहीत आहे, तरी लिहितो.

जास्त विचार करू नको. सगळं नीट होईल.

काका


लालबाग, ९ मार्च २०२५

काका,

कुठून सुरुवात करू कळत नाही. सगळं फुटलं.

सोमवारी अजित सरांनी केबिनमध्ये बोलावलं. एचआरच्या मॅडम आधीच बसल्या होत्या. मॅडमनी विचारलं, तुम्ही कोणत्या कॉलेजात शिकता? शिकता का असं न विचारता, सरळ कोणत्या कॉलेजात. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी खोटं बोलले नाही. मग त्यांनी माझंच नेमणूकपत्र काढून ते कलम वाचलं. मी कायदा शिकते काका, असं कलमच नाही म्हणायची सोय नव्हती.

महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. कॉलेजातून नाव काढल्याचा कागद आणायचा, नाहीतर राजीनामा. नाव काढलं तर ही परीक्षा नाही, आणि सगळे फेरे पहिल्यापासून. राजीनामा दिला तर वहिनीने चूल कशावर पेटवायची?

अजित सरांना मी विचारलं कोणी सांगितलं. ते कागद नीट करत म्हणाले, खात्रीच्या माणसाकडून कळलं. माझ्याकडे बघितलं नाही.

खात्रीचा माणूस. ऑफिसात हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं. आणि आमच्या टीमला नवीन लीडर निवडायचा आहे, त्यासाठी दोनच नावं होती, माझं आणि तिचं. मला हे आधी सुचलंच नव्हतं. केबिनमधून पँट्रीत पोचेपर्यंत सुचलं.

ती डबा उघडत होती. मी सगळ्यांसमोर बोलले तिला. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. म्हटलं, तीन वर्षं माझे फोन उचललेस, माझ्या टेबलावर बाटली ठेवलीस, माझे क्लेम केलेस, ते सगळं याच दिवसासाठी हिशेबात धरून होतीस का? ती डब्याचं झाकण हातात घेऊन उभी राहिली. एक अक्षर बोलली नाही. गप्प बसली म्हणजे खरंच असणार ना, काका? निर्दोष माणूस काहीतरी बोलतोच की.

आता ऑफिसात तिला मेमो दिलाय, कारण ती मला सांभाळून घेत होती हे मीच ओरडून सांगितलं. दिला तर दिला. मला वाईट वाटायला हवं आणि वाटत नाहीये, इतकी मी पेटलेय.

तुम्ही सांगा मी काय करू. दादा म्हणतो नोकरी ठेव, वहिनी फक्त माझ्या ताटात जास्त भात वाढते. खरं सांगणारे तुम्ही एकटेच आहात. लवकर लिहा. शिमगा आहे हे माहितीय, तरी लिहा.

अनू


कातळखोल, १९ मार्च २०२५

अनू बाय,

तुझं पत्र पालखी आपल्या दारी होती त्या दिवशी आलं. खिशात ठेवून दिवसभर नाचलो, पण नाचण्यात जीव नव्हता. शांताने ओळखलं.

त्या पोरीचं काय सांगू. ती मला पहिल्यापासून तशीच वाटली होती, मी लिहिलं होतं की जास्त हसते. हल्लीच्या माणसांचा भरवसा देता येत नाही. तू तिच्यापासून लांब राहा, पुन्हा बोलायला जाऊ नको, खुलासे मागू नको. जे झालं ते झालं. उकरून काही निघत नसतं.

अजितवर राग धरू नको. तो आपला माणूस आहे, त्याची खुर्ची त्याला तसं वागायला लावते. मनात काही नाही त्याच्या.

माझं ऐकशील तर नाव काढून टाक यंदा. परीक्षा काय, पुढच्या वर्षी देता येते, त्याच्या पुढच्या वर्षी देता येते. जीव एकदाच असतो. तू घरच्यांसाठी पुष्कळ केलंस, आता जरा स्वतःकडे बघ. असं समज की जे झालं ते तुझ्या भल्यासाठीच झालं.

जाता जाता लिहितो. अजितचा पुतण्या विनीत, कळव्याला घर आहे, सरकारी नोकरी, निर्व्यसनी. त्याच्या घरच्यांनी तुझ्याबद्दल चांगला शब्द काढला. मी काही बोललो नाही. तुझ्या कानावर घालून ठेवतो इतकंच.

काका


लालबाग, २ एप्रिल २०२५

काका,

तुम्ही जानेवारीत लिहिलं होतं, तू सोडू नको. मार्चमध्ये लिहिलंत, नाव काढून टाक. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून मी बसले होते. वाटलं काकांना माझी दया आली असेल. मी किती मूर्ख आहे बघा, तेव्हाही मी तुमच्याच बाजूने विचार करत होते.

सोमवारी मी राजीनामा दिला. नाव काढलं नाही. परीक्षा मी देणार, मग चूल कशीही पेटो. वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली ती डबे करील, शेजारच्या बिल्डिंगीत चार मुलगे विचारतच होते. जिच्याशी मी तीन वर्षं धड बोलले नाही ती हे म्हणाली.

राजीनामा घेताना अजित सर एकटे होते. कागद त्यांच्या हातात आला तेव्हा एकदम गाववाले झाले. बस म्हणाले, पाणी दिलं. म्हणाले, माझ्यावर राग धरू नकोस, मी तुझ्या काकांना शब्द दिला होता.

मी विचारलं, कसला शब्द?

मग त्यांनी सांगितलं. दादरच्या सभेत, चहाच्या वेळी, त्यांची वहिनी, म्हणजे त्या विनीतची आई, तुम्हाला म्हणाली, मुलगी चांगली आहे हो, पण पहाटे उठून जाते कुठे? लालबागमध्ये लोक बोलतात. जाईबाईंची बहीण आणि विनीतची आई एकाच भिशीत आहेत. तेव्हा तुम्ही अजित सरांना बाजूला घेतलंत आणि त्यांच्या कानात सांगितलंत. माझी पोर भटकत नाही, वकिलीच्या कॉलेजात जाते, मग तुमच्याच ऑफिसात येते. कोणाला सांगू नको, घरच्यांना एवढं सांग की पोरगी सोन्यासारखी आहे. अजित सर म्हणाले, बरं काका, माझ्यापुरतं ठेवतो.

"पण तुझ्या काकांचं कानात सांगणं चौथ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, अनुजा. आपल्या ऑफिसातले दोघे, आपल्याच मंडळाचे, तिथे बसले होते. माझ्याकडे बघत होते. मी गप्प राहिलो असतो तर उद्या माझी खुर्ची गेली असती."

काका, तुम्हाला ऐकू येत नाही हे मला माहीत आहे. आपण हळू बोलतोय असं तुम्हाला वाटतं आणि सगळी चाळ ऐकते, यावरून मी आयुष्यभर तुमची चेष्टा केली. त्या हॉलमध्ये आवाज चढला त्याचा मला राग नाही. पण कानात तरी का सांगितलंत? मी ज्या एका माणसाचं नाव घेऊन नको म्हटलं होतं, त्याच्याच कानात? आणि तेही कशासाठी, तर माझं स्थळ बिघडू नये म्हणून. बाबांच्या फोटोसमोर दिलेला शब्द घेऊन तुम्ही मंडळाच्या सभेत माझं लग्न जुळवत बसला होतात, आणि मी घरी तुमच्यासाठी कुळथाची पिठी करत होते.

हेसुद्धा मी कधीतरी गिळलं असतं. तुम्ही म्हातारे आहात, लोक पोरीच्या नावाला काय काय चिकटवतात याची तुम्हाला भीती वाटते, हे मला कळतं.

पण एकोणीस मार्चचं पत्र मला गिळता येत नाही. तुम्ही तेव्हा शुद्धीत होतात, कोणी घाई केली नव्हती, हॉलमध्ये कोणी बघत नव्हतं. माझं पत्र तुमच्या खिशात होतं. कोणी सांगितलं ते तुम्हाला ठाऊक होतं. आणि तुम्ही पेन घेऊन लिहिलंत, ती मला पहिल्यापासून तशीच वाटली होती. लिहिलंत, बोलायला जाऊ नको, खुलासे मागू नको. मी बोलायला गेले असते तर तुमचं नाव निघालं असतं ना. म्हणून एका परक्या पोरीच्या डोक्यावर तुम्ही ते ठेवून दिलंत. जी तुमच्या पाया पडली होती, जिने तुमच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं होतं.

मी पूर्वीकडे गेले होते, नायगावला. तिच्या आईने पाणी दिलं आणि आत गेली. मेमोमुळे तिची बढती गेली, शिवाय तिला वाशीच्या ऑफिसात पाठवतायत. मी माफी मागितली. जेवढी मागता येईल तेवढी मागितली, रडले, पाय धरायला वाकले तर ती मागे सरकली. म्हणाली, "तू मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. तू विचारलंच नाहीस, अनू. तू सांगितलंस." मग म्हणाली की तिला बाजारात जायचंय.

तिला माझ्याकडून जे मिळालं तेच मला तुमच्याकडून मिळालं. म्हणून तिचा चेहरा मला नीट कळला. माझं निस्तरणं माझ्याकडे आहे, ते मी करत राहीन, ती दार उघडो न उघडो. तुमचं तुम्ही बघा.

अनुजा


कातळखोल, १५ एप्रिल २०२५

अनू,

पत्र वाचलं. शांताला वाचून दाखवलं नाही. तिने मागितलं, तिला वाचता येत नाही तरी हातात धरून बसली. मग म्हणाली, एवढं काय केलंत तुम्ही पोरीचं?

तू म्हणतेस ते झालंय. पण माझी बाजू ऐक. चारचौघांत त्या बाईने विचारलं, पोरगी पहाटे कुठे जाते. तिच्या विचारण्यात काय होतं ते तुला समजणार नाही, तुझी पिढी वेगळी. तुझा बाप असता तर तो उठून उभा राहिला असता. बाप नाही म्हणून मी उभा राहिलो. माझ्या भावाच्या पोरीकडे बोट दाखवलं तर मला राहवत नाही, तेव्हा मला अजितही दिसला नाही आणि तुझं ऑफिसही दिसलं नाही. आपला माणूस आहे, पोटात ठेवील, असं वाटलं. गिरणीत असताना गाववाल्याला सांगितलेलं बाहेर जात नसे. मी अजून त्याच काळात आहे.

स्थळाचं मी मनात धरलं होतं. कबूल. मी किती दिवसांचा सोबती आहे गो? डोळे मिटायच्या आधी तुझं बघावं असं वाटलं, त्यात पाप काय?

त्या पोरीचं नाव मी घेतलं नव्हतं. तू घेतलंस. मी फक्त खोडलं नाही. तुझं पत्र आलं आणि त्यात लिहिलं होतं की खरं सांगणारे तुम्ही एकटेच आहात. ते वाचून माझा हात पुढे सरकेना. खरं लिहिलं असतं तर तू मला पत्र लिहायची बंद झाली असतीस. या घरात दुसरा आवाज मला ऐकू येत नाही अनू. शांता बोलते ते ओठांवरून कळतं. तुझं मात्र पूर्ण ऐकू येतं. ते जाऊ नये म्हणून लिहिलं.

तिचा पत्ता पाठव. मी तिला दोन ओळी लिहितो.

तू परीक्षेला बस. रागाने तरी बस. आणि एकदा शिव्या द्यायला तरी पत्र लिही.

काका


कातळखोल, २० जुलै २०२५

चि. अनू,

एप्रिलनंतर मी तीन पत्रं टाकली. पानवाल्याकडे तर पडून नाहीत ना, जरा बघ.

काल दुकानात तेल आणायला गेलो होतो. दुकानदाराच्या पोराने हातात मोबाईल धरून दाखवला. मंडळाच्या ग्रुपवर तुझा फोटो आणि खाली लिहिलेलं, आपल्या वाडीची पहिली वकील. मला चष्मा नव्हता, म्हणून त्याने वाचलं. दुकानात सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. म्हणाले, काका, तुम्हाला तर आधीच कळलं असेल. मी हो म्हणालो. तेल न घेताच घरी आलो.

अनू, पास झालीस हे मला दुकानात कळावं?

एवढं तरी कळव. परीक्षेला तब्येत कशी होती? सनद घेतलीस का? आता कुठे काम करतेस, कोणत्या वकिलांकडे, ते लोक चांगले आहेत का? ती पूर्वी तुझ्याशी बोलते का? तिचा पत्ता तू पाठवला नाहीस. विनीतच्या घरच्यांना मी स्वतः नकार कळवला, त्याचं आता काही मनात आणू नको.

पुढच्या महिन्यात मंडळ दादरला तुझा सत्कार करणार आहे. मी येणार आहे. शांतासुद्धा येते म्हणते. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, मी मागच्या रांगेत बसेन.

आता मी कोणाला काही सांगत नाही गो. कोणालाच नाही. तू सांगून तर बघ.

तुझा काका


लालबाग, ५ ऑगस्ट २०२५

आदरणीय रामजी काका यांस,

नमस्कार.

आपली सर्व पत्रं मिळाली. पानवाल्याने वेळेवर दिली. इकडे आम्ही मजेत आहोत. दादाला प्रभादेवीला काम मिळालं. वहिनीचे डबे चांगले चालले आहेत. चाळीच्या पुनर्विकासाची सभा झाली, पण नक्की काही ठरलेलं नाही. पाऊस नेहमीसारखा आहे.

शांता काकूच्या गुडघ्यासाठी पट्टा आणि मलम पार्सलने पाठवत आहे. मलम जेवणानंतर, दोन वेळा लावावं. पट्टा झोपताना काढून ठेवायला सांगावं.

माझ्याबद्दल विचारलंत. मी बरी आहे. काम चालू आहे, ठिकाण घरापासून सोयीचं आहे. माणसं चांगली आहेत.

सत्काराच्या दिवशी मला काम असल्याने येता येणार नाही, तसं मंडळाला कळवलं आहे. आपण इतका प्रवास करू नये, काकूला त्रास होईल.

गणपतीत दादा आणि वहिनी येतील. मी इथेच राहीन.

तब्येतीची काळजी घ्यावी. विशेष काही नाही.

आपली,
अनुजा भिकाजी रहाटे